दुसरा रकाना

मोजणीताईंना सेवानिवृत्तीला दहा आठवडे उरले होते, आणि त्या दहा आठवड्यांत आपल्याला कुणी नवीन काही सांगू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. फार मोठं मागणं नव्हतं बाईंचं. एकतीस वर्षं एकाच स्टुलावर बसून, एकाच यंत्राला डोळा लावून तारे मोजल्यावर माणूस दुसरं मागणार तरी काय? मान धरायची, पाठ बोलायची, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता आणि उजवा त्याच्या वाट्याचंही ओढत होता. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख दोनदा दिली, मोजणीताईंनी ती दोनदा पुढे ढकलली. निवृत्त झाल्यावर वेळच वेळ आहे म्हणाल्या.

आता तारे मोजायचे म्हणजे आकाशाकडे बघत बसायचं, असं कुणाला वाटेल, तर तसं काही नाही. आकाशाकडे बघायची वेळ त्यांच्यावर फारशी आलीच नाही. दुर्बीण लांब डोंगरावर, तिथे जागणारी माणसं वेगळी. त्यांनी काढलेली छायाचित्रं जाड काचेवर उतरत, कागदी पाकिटांत घालून जीपने गावातल्या कचेरीत येत आणि सकाळी साडेनऊला मोजणीताईंच्या टेबलावर हजर होत. काचेवर सगळं उलटं, आकाश पांढरं आणि तारे काळे. तेजस्वी तारा म्हणजे मोठा ठिपका, मंद तारा म्हणजे डोळे फोडून बघावा एवढासा. कधी गच्चीवर एखाद्या नातेवाइकाने विचारलं, हा कुठला तारा गं, तर त्या म्हणायच्या, काचेवर दाखव म्हणजे सांगते.

त्यांची खोली कचेरीच्या मागच्या अंगाला होती. खिडकीला जाड पडदा, दोन लोखंडी कपाटं भरून काचा आणि मधोमध मोजणीचं यंत्र, ते बिडाचं धूड. त्याच्या भिंगात कोळ्याच्या धाग्याची बारीक फुली ताणलेली असे. चाक फिरवून ती फुली ठिपक्याच्या बरोबर मध्यावर आणायची, बाजूच्या पट्टीवरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा आणि पुढच्या ठिपक्याकडे वळायचं. पंखा लावायची सोय नाही, कारण वाऱ्याने काच गार-गरम झाली तरी आकडे हलतात. उन्हाळ्यात त्या खोलीत बसणं ही शिक्षाच होती, आणि बाईंनी ती एकतीस वेळा भोगली.

कामाचा बराचसा भाग खुल्या तारकागुच्छांचा. एकाच ढगातून एकाच सुमाराला जन्मलेले काही शे तारे, सगळे मिळून एकाच दिशेने चाललेले, त्याला गुच्छ म्हणायचं. पंचाईत अशी की काचेवर त्यांच्यामध्ये पुढचे-मागचे परके तारेही येऊन बसतात. कचेरीत त्यांना 'वाटसरू' म्हणत आणि गुच्छातल्यांना 'घरचे'. कोण घरचा आणि कोण वाटसरू हे नुसतं बघून कळत नाही. वीस-पंचवीस वर्षांच्या अंतराने काढलेल्या दोन काचा मोजायच्या आणि कोण किती सरकला ते काढायचं. जे एकसारखे सरकले ते घरचे. घरचे नक्की झाले की त्यांचा रंग आणि तेज एका कागदावर मांडायचं, मग गुच्छ किती लांब आहे, किती वयाचा आहे, किती वजनाचा आहे, ते निघतं. ते काढणारे पदवीवाले लोक निराळे, त्यांची नावं छापून यायची. खाली बारीक अक्षरात एक ओळ असे, 'मोजणी : कार्यालयीन कर्मचारी'. ते कर्मचारी म्हणजे मोजणीताई.

मात्र कचेरीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. मोजणीताईंचा आकडा म्हणजे आकडा, असं संचालकसाहेब पाहुण्यांना सांगायचे. घरात कुणी असं काही म्हणत नसे. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा होता, आता गुडघे धरून घरी बसलेला. दिवसभर वर-खाली करून आयुष्यात एक मजला चढलो नाही, हा त्याचा जुना विनोद, आणि तोही आता तो हसण्यासाठी करत नसे. तेव्हा मोजणीताईंकडे स्वतःचं म्हणावं असं जे काही होतं, ते हे एवढंच, की त्यांच्या आकड्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

आणि नेमकी अशात प्रबंधवाली आली.

प्रबंधवाली म्हणजे चार वर्षांपूर्वी डॉक्टरेटसाठी कचेरीत दाखल झालेली मुलगी. मुलगी कसली, एकतीस-बत्तीसची बाई, स्वतःची पाच वर्षांची लेक आईकडे दुसऱ्या गावी ठेवून इथे राहिलेली. महिन्यातून एकदा भेटायला जायची आणि आल्यावर दोन दिवस कुणाशी बोलायची नाही. एका गुच्छाच्या जुन्या मोजण्या तिने वहीतून उतरवून संगणकात घातल्या होत्या. त्या दिवशी ती हातात कागद घेऊन आली, स्टुलाशेजारी उकिडवी बसली आणि म्हणाली की तिच्या गुच्छात एक नाही, दोन गुच्छ आहेत. तेजस्वी तारे एका दिशेला चाललेत, मंद तारे दुसऱ्या. एकमेकांच्या आरपार जाणारे दोन गुच्छ, असं कुणी कुठे पाहिलेलं नाही. साहेबांनी पाठ थोपटली होती. तीन आठवड्यांत प्रबंध सादर करायचा, मग बाहेर नोकरी, मग लेक जवळ आणायची. सगळं एका दमात सांगून झालं.

मग तिने प्रबंधातलं एक पान पुढे केलं. त्यावर लिहिलं होतं की या गुच्छाच्या बारा काचांपैकी पहिल्या तीन काचांच्या मोजण्या थोड्या ढिल्या आहेत, दोन रकान्यांत फरक जास्त पडतो, म्हणून बाजूला ठेवल्या. मात्र चौथीपासून बारावीपर्यंतच्या नऊ काचा इतक्या अचूक मोजलेल्या आहेत, की दोन्ही रकान्यांतला फरक कुठेही तीन एककांच्या वर गेलेला नाही. एवढी स्थिर मोजणी या कचेरीत दुसरी झालेली नाही.

"तुमच्याबद्दल आहे ते," प्रबंधवाली म्हणाली. "नाव घालायची पद्धत नाही, पण तुम्हाला दाखवावंसं वाटलं."

मोजणीताई छान आहे म्हणाल्या, चष्मा पुसला आणि डोळा भिंगाला लावला. फुली कुठल्या ताऱ्यावर आहे, हे त्यांना बराच वेळ दिसलंच नाही.

आता हे दोन रकान्यांचं काय प्रकरण आहे, ते सांगायला हवं. प्रत्येक मोजणाऱ्याच्या डोळ्याला एक कल असतो. कुणी फुली किंचित उजवीकडे धरतो, कुणी डावीकडे, आणि लाख डोळ्यांत तेल घालून बसलं तरी तो जात नाही, कारण ज्याचा त्याला तो दिसतच नाही. मोजणीताईंचा कल डावीकडे होता आणि तोही फक्त मोठ्या ठिपक्यांवर. बारीक ठिपका त्या बरोबर मध्यावर पकडत. चूक केवढी, तर केसाच्या विसाव्या भागाएवढी. पण तारे सरकतातही तेवढेच, त्यामुळे घोळ करायला ती पुरते. म्हणून नियम असा, की काच एकदा सुलट मोजायची, मग अर्धी फिरवून ठेवायची आणि पुन्हा सगळी मोजायची. पहिल्यांदा जी चूक डावीकडे झाली, ती आता उजवीकडे होते. दोन रकाने, त्यांची सरासरी, आणि माणसाचा कल बाहेर.

हे त्यांना आजोबांनी शिकवलं. आजोबा म्हणजे त्यांच्या आधीचे मोजणीदार, सगळी कचेरी त्यांना तसंच म्हणायची. या गुच्छाच्या जुन्या काचा आजोबांनी मोजल्या होत्या, नेमाने दोन्ही बाजूंनी. त्यांच्या वेळेला यंत्रापाशी दोन माणसं असत, एक मोजणारा आणि एक लिहिणारा. मोजणाऱ्याने आकडा बोलायचा, लिहिणाऱ्याने तो लिहून मोठ्याने परत म्हणायचा, मोजणाऱ्याने 'बरोबर' म्हणायचं, मगच पुढचा तारा. पुढे कुणीतरी वरून हिशेब केला की लिहायला वेगळा माणूस कशाला, आणि ती जागा रद्द झाली. मोजणीताई त्या खोलीत एकट्या उरल्या. हे बावीस वर्षांपूर्वीचं.

त्याच वर्षी या गुच्छाच्या बारा नव्या काचा आल्या. एकेका काचेवर दोनशे शहाऐंशी तारे. तीन काचा त्यांनी दोन्ही बाजूंनी मोजल्या. चौथी सुलट मोजून झाली आणि ती फिरवायला त्यांनी हात घातला, तर हात उचलेना. उद्या करू म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही उचलेना. टेबलावर टेलिफोनची डिरेक्टरी पडली होती. त्यांनी ती उघडली आणि एकेका नंबरचा शेवटचा आकडा घ्यायला लागल्या. तीनपर्यंतचा असला की घ्यायचा, मोठा असला की सोडायचा. पहिल्या रकान्यातल्या आकड्यात तो कुठे मिळवायचा, कुठे वजा करायचा, की दुसरा रकाना तयार. नऊ काचा, अडीच हजारांवर तारे, आणि त्यांच्या चुका गावातल्या टेलिफोनवाल्यांच्या नावावर. कोण आलंय विचारायला!

आणि खरंच कुणी आलं नाही. त्या वह्या कपाटात गेल्या, गुच्छ मागे पडला. पुढची सगळी वर्षं त्यांनी प्रत्येक काच फिरवली, एकही चुकवली नाही. मनाला सांगितलं की ते दिवस वाईट होते. मामंजी, म्हणजे सासरे, अंथरुणाला खिळलेले, त्यांचं सगळं करून कचेरी गाठायची, जीव नुसता मेटाकुटीला आलेला. बाईमाणूस किती करणार? हे इतक्या वेळा मनाशी म्हणून झालं होतं, की ती गोष्ट आता दुसऱ्या कुणाबद्दल असावी असं वाटायचं.

प्रबंधवाली गेल्यावर त्यांनी चौथी काच कपाटातून काढली. पाकिटावर त्यांचंच अक्षर, तेव्हाचं गोल, टपोरं. काच फिरवून यंत्रावर ठेवली आणि जी दुसरी मोजणी बावीस वर्षांपूर्वी करायची राहिली होती, ती करायला बसल्या. पूर्वी जे काम दोन दिवसांत व्हायचं त्याला आता चार लागले. उजवा डोळा दुपारनंतर पाणी गाळायचा. चौथ्या दिवशी त्यांनी कागदावर वजाबाकी केली. बारीक तारे जागच्या जागी होते. मोठे सगळे, एकूण एक, उजवीकडे सरकलेले, जेवढे वहीत डावीकडे होते बरोबर तेवढेच.

दुसरा गुच्छ नव्हताच. प्रबंधवालीचे ते आरपार निघालेले तारे म्हणजे मोजणीताईंचा कल होता. नऊही काचा एकच सांगतात म्हणून ती पोरगी हुरळून गेली होती. अगं, सांगणारच, नऊही काचांवर डोळा एकच होता. आणि ज्या तीन काचा खरं सांगत होत्या, त्या ढिल्या म्हणून बाजूला पडल्या.

गप्प बसणं सोपं होतं. सहा दिवस गेले होते, नऊ आठवडे राहिले होते. प्रबंध पास झाला असता, मुलगी नोकरीला लागली असती, लेक आईजवळ आली असती. पुढे कधीतरी कुणीतरी त्या काचा पुन्हा मोजल्या असत्या आणि तिच्या चार वर्षांवर पाणी पडलं असतं, पण तोवर मोजणीताई कुठल्या कुठे! हा विचार त्यांनी नीट पुरता केला, अर्धा सोडला नाही. बसमध्ये केला, भांडी घासताना केला. त्यांना तो आवडलासुद्धा, हे कबूल करायला हवं.

मग वाटलं, सांगूनच टाकू. मामंजींचं सांगितलं की ती समजून घेईल. घरात आजारी माणूस असलं की काय होतं हे बायकांना सांगावं लागत नाही. रात्रीच्या जेवणाला त्यांनी नवऱ्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, की मामंजी गेले ते नक्की कधी. नवऱ्याने ताटावरून मान न उचलता सांगितलं की मार्चमध्ये. त्याला पक्कं आठवत होतं, कारण त्याच आठवड्यात सहा मजली इस्पितळाची लिफ्ट बंद पडली होती आणि तो दोन दिवस घरी येऊ शकला नव्हता. साल कुठलं, तर तेच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वही काढली. आजोबांची शिस्त होती, प्रत्येक पानावर तारीख घालायची. चौथ्या काचेवर तारीख होती एकोणीस ऑगस्ट. बाराव्या काचेवर ऑक्टोबरअखेर. मामंजींना जाऊन तेव्हा पाच महिने उलटले होते. घरात कुणी आजारी नव्हतं. मुलगा शाळेत जात होता, नवरा धडधाकट होता, त्या स्वतः छत्तीस वर्षांच्या होत्या आणि रात्री आठ तास झोपत होत्या. मोजणीताई त्या तारखेकडे बघत बसल्या. इतकी वर्षं ज्याच्या आधाराने निभावलं, ते कारण हातातून निसटलं, आणि त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

त्या उठून प्रबंधवालीच्या खोलीत गेल्या. ती शेवटचं प्रकरण तपासत होती. टेबलावर तिच्या लेकीने रंगवलेला एक कागद चिकटवलेला होता. मोजणीताई बसल्या नाहीत. बसलो तर फाटे फुटतील, हे त्यांना ठाऊक होतं.

"चौथ्या काचेपासूनचा दुसरा रकाना मी मोजलेला नाही," त्या म्हणाल्या.

प्रबंधवाली आधी हसली. तिला वाटलं, दुसऱ्या कुणी मोजला असं म्हणायचंय.

"काच फिरवलीच नाही. बसून आकडे लिहिले. तुझे तेजस्वी तारे कुठेही चाललेले नाहीत. तो माझा कल आहे. चौथी काच मी परवा फिरवून मोजली, हा बघ कागद."

तिने कागद घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला, पुन्हा वाचला. तिच्या लक्षात यायला वेळ लागला नाही, हुशारच होती. कागद खाली ठेवून तिने विचारलं, आणि विचारतानाही आवाज चढवला नाही.

"घरी काही झालं होतं का तेव्हा?"

तिने दार उघडून दिलं होतं. नुसतं आत जायचं होतं.

"काही नाही झालं," मोजणीताई म्हणाल्या. "कंटाळा आला होता. थकले होते. दुसरं काहीही कारण नाही."

"चार वर्षं, मोजणीताई," ती म्हणाली, आणि तोंड भिंतीकडे केलं.

त्यानंतर दहा दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. समोरून आली तर जिन्याने वळायची. गोष्ट साहेबांपर्यंत गेली, जायचीच होती. साहेबांनी मोजणीताईंना बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले की जुन्या मोजण्यांत थोडंफार इकडेतिकडे असतंच. इतक्या वर्षांनी हे उकरून काढायची काय गरज होती? तुम्ही आता सन्मानाने निवृत्त व्हायचं. मुलीलाही ते तेच म्हणाले होते, एखादी ओळ घालून टाक आणि मोकळी हो. परीक्षक काही काचा मोजायला येत नाहीत. मोजणीताईंनी चहा संपवला आणि खोलीत येऊन पाचवी काच काढली. कुणी सांगितलं नव्हतं. डोळ्याला कापूस लावून पुसत होत्या आणि सुलट बाजूने पुन्हा सुरुवात करत होत्या, कारण तेव्हाचा डोळा आणि आताचा डोळा एक नव्हे, म्हणजे दोन्ही रकाने नव्याने घ्यायला हवेत. एकट्याने नऊ काचा संपणार नाहीत, हा हिशेब त्यांना पाठ होता. तरी मोजत होत्या.

अकराव्या दिवशी प्रबंधवाली आली. मुदत तीन महिने वाढवून घेतली म्हणाली. साहेब नाराज आहेत म्हणाली. मग टेबलाच्या पलीकडे स्टूल ओढून बसली आणि वही आपल्याकडे घेतली.

"तुम्ही बोला. मी लिहिते."

मोजणीताई पहिला आकडा बोलल्या आणि थांबल्या. ती लिहून गप्प बसली. तेव्हा त्यांना सांगावं लागलं की लिहिणाऱ्याने आकडा परत म्हणायचा असतो. तिने म्हटला. मोजणीताई 'बरोबर' म्हणाल्या आणि चाक फिरवलं.

मग सात आठवडे हेच. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच, पंखा बंद, पडदा ओढलेला. एक आकडा बोलते, दुसरी म्हणते, पहिली बरोबर म्हणते. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं की दोघी पाढे पाठ करताहेत. शिपाई चहा ठेवून पाय न वाजवता निघून जायचा. प्रबंधवाली दुसरं काही बोलत नसे. राग गेला म्हणावं, तर तसं अजिबात नव्हतं. एका दुपारी मोजणीताईंच्या डोळ्यातून इतकं पाणी यायला लागलं की फुलीच दिसेना, तेव्हा तिने विचारलं, उद्या करायचं का? त्या म्हणाल्या, नको, गेल्या वेळी उद्या म्हणूनच घोळ झाला. तिने खिशातला रुमाल काढून टेबलावर ठेवला.

बारावी काच काही निवृत्तीच्या आत संपली नाही. मोजणीताई निवृत्त झाल्या तो दिवस मध्येच येऊन गेला. साहेबांनी भाषण केलं, त्यात आकडा म्हणजे आकडा हे वाक्य या वेळी नव्हतं, आणि ते नसल्याचं मोजणीताईंना लागलं. एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. दुसऱ्या दिवशी साडेनऊला त्या पुन्हा हजर. दारवानाने हटकलं, की ताई, आता मस्टरवर सही कुठे करणार? त्या म्हणाल्या, सही नको, किल्ली दे. असे चार दिवस त्या फुकट आल्या.

शेवटचा तारा चौथ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला झाला. संगणकाने सगळं गिळून जे बाहेर टाकलं, त्यात नवल करण्यासारखं काही नव्हतं. गुच्छ एकच. घरचे तारे एकशे त्र्याहत्तर, बाकी वाटसरू. अंतर सुमारे तीन हजार प्रकाशवर्षं, वय तीस कोटी वर्षं, कुठल्याही चारचौघांसारखा. पहिल्या तीन काचा पहिल्यापासून हेच सांगत होत्या. प्रबंध यावर होईल, पण साधा होईल, आणि लेक जवळ यायला आणखी वर्ष-दोन वर्षं लागतील. प्रबंधवालीने हे सगळं कोरडेपणाने सांगितलं. मोजणीताईंना वाईट वाटलं. आपण माफी मागितलेली नाही, हेही त्यांच्या लक्षात आलं. तेव्हा त्यांनी ती मागितली. प्रबंधवाली 'हं' म्हणाली.

"एक टीप घालावी लागेल," थोड्या वेळाने प्रबंधवाली म्हणाली. तिने ती लिहूनच आणली होती आणि वाचून दाखवली. या गुच्छाच्या पूर्वीच्या मोजणीत, एका मोजणीदाराकडून, काच फिरवून करायची दुसरी मोजणी झालेली नव्हती, सबब त्या काचा नव्याने मोजल्या आहेत. एवढंच. टोचेल असा शब्द तिने घातला नव्हता.

"एका मोजणीदाराकडून म्हणजे कुणाकडून?" मोजणीताईंनी विचारलं.

"तसंच लिहितात."

"या कचेरीत मोजणीदार दोनच झाले. एक आजोबा आणि एक मी. वाचणारा ते आजोबांच्या नावावर टाकेल. ते गेले, त्यांना येऊन सांगता यायचं नाही." त्यांनी काच पाकिटात घातली, पाकीट कपाटात ठेवलं. "माझं नाव लिही."

एकतीस वर्षांत ते नाव कुठे छापलं गेलं नव्हतं, आणि आता छापायचं तर यासाठी. प्रबंधवालीने पेन उचललं, 'एका मोजणीदाराकडून' वर रेघ मारली. मग तिचा हात थांबला. ती ओशाळली.

"मोजणीताई," ती म्हणाली, "तुमचं नाव काय?"

त्यांनी सांगितलं. आधी स्वतःचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव, मध्ये थोडं थांबत, आकडा सांगावा तसं. प्रबंधवालीने ते लिहून घेतलं आणि मोठ्याने परत म्हटलं.

"बरोबर," मोजणीताई म्हणाल्या.